मुठेकाठी मुलांना घेऊन: शहरातल्या नदीवर पक्षी बघायला नेताना

पहिल्या वेळी मी आठवीची साठ मुलं, तीन दुर्बिणी आणि मोठा उत्साह घेऊन नदीवर गेले होते. तीन किलोमीटर चालवलं. पुढच्या दहा जणांनी खंड्या उडताना पाहिला आणि मागच्या पन्नास जणांनी पुढच्यांच्या पाठी पाहिल्या. परत येताना एका मुलानं विचारलं, "बाई, या घाण पाण्यात पक्षी असतात तरी का?" त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पुढची काही वर्षं लागली. आता मी सहल आखते ती त्याच प्रश्नाभोवती. मुलांनी किती जातींची नावं सांगितली याला माझ्या लेखी फारशी किंमत नाही. कोण कुठे उभा आहे, काय खातोय आणि तिथेच का, हे त्यांनी बघावं. पुण्यातल्या मुठेइतकी चांगली शाळा त्यासाठी दुसरी नाही, कारण या नदीत काय बिघडलंय ते पक्ष्यांकडे पाहून वाचता येतं.

खाली जे लिहिते आहे ते पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या विठ्ठलवाडीच्या आसपासच्या काठाबद्दल आहे. तुमच्या गावात पंचगंगा असेल, गोदावरी असेल, नाग नदी असेल. पद्धत तीच ठेवा, जागा तुमची शोधा.

महिना आणि वेळ

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर. त्याआधी नदीला पाणी जास्त असतं आणि हिवाळी पाहुणे पुरते उतरलेले नसतात. मार्चपासून ते परतू लागतात. 5 ते 12 नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि सालिम अलींचा 12 नोव्हेंबर, म्हणून हे आठ दिवस. शाळेकडून परवानगी मिळवायला हे निमित्त फार उपयोगी पडतं. मात्र दिवाळीची सुट्टी त्याच सुमारास येते, तेव्हा तारीख आधी तपासा.

पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, मुलांना नदीपात्राजवळ नेऊ नका. खडकवासला धरणातून विसर्ग वाढवला की नदीपात्रातला भिडे पूल पाण्याखाली जातो हे पुणेकर दरवर्षी पाहतात. वर ऊन पडलेलं असलं तरी पानशेत-वरसगावच्या खोऱ्यातला पाऊस खाली येऊ शकतो. हिवाळ्यातसुद्धा आदल्या संध्याकाळी विसर्गाची बातमी बघायची सवय ठेवा.

डिसेंबरात पुण्यात सूर्य साधारण सात वाजता उगवतो. मुलांना पावणेसातला ठरलेल्या ठिकाणी बोलवा आणि साडेनऊला सगळं संपवा. नऊनंतर ऊन चढतं, पक्षी शांत होतात आणि मुलंही.

आधी दोनदा स्वतः जाऊन या

या कामात टाळाटाळ केली तर सहल फसते. एक फेरी पंधरा दिवस आधी, दुसरी आदल्या आठवड्यात त्याच वारी आणि त्याच वेळी. शनिवारी सकाळी सुनसान असलेला काठ रविवारी सकाळी गाड्या धुणाऱ्यांनी भरलेला असू शकतो.

फेरीत पहिलं पाहायचं ते ऊन कुठून येतं. सिंहगड रस्ता नदीच्या उजव्या काठाला आहे. सकाळी त्या बाजूला उभं राहून कर्वेनगरकडे तोंड केलं की सूर्य पाठीशी येतो आणि पक्ष्यांचे रंग उजळ दिसतात. पलीकडच्या काठावरून तेच पक्षी नुसत्या काळ्या आकृत्या दिसतील. इतकी साधी गोष्ट, पण कितीतरी सहली चुकीच्या काठावरून होतात.

मग थांबे ठरवा. अर्धा किलोमीटर पुरतो, त्यात चार थांबे. मी निवडते ते असे: जिथे नाला नदीला मिळतो ती जागा, जिथे कातळ उघडे पडलेत आणि पाणी उथळ वाहतं ती जागा, पूल, आणि काठावरची दाट झाडी किंवा मोठं उंबराचं झाड. चार जागी चार वेगळी मंडळी भेटतात, आणि ती वेगळी का हाच त्या सकाळचा धडा असतो.

पुलाखाली आणि उंच झाडांवर आग्या मोहोळ आहे का ते मान वर करून नीट बघा. असेल तर तो थांबा रद्द करा. थोड्या अंतरावरून बघू वगैरे तडजोड नको. मुलांना अत्तर किंवा उग्र वासाचं तेल लावून येऊ नका असं आधीच सांगा. जमिनीवर काच, सळया, मोकाट कुत्र्यांची टोळी, आणि सर्वांत जवळचं स्वच्छतागृह कुठे आहे ते टिपून ठेवा. ही शेवटची गोष्ट मुलींच्या दृष्टीनं फार महत्त्वाची आहे. स्वच्छतागृहाची सोय नाही म्हणून पाणीच न पिता आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. जवळच्या मंदिरात, एखाद्या सोसायटीत, ओळखीच्या घरी आधी बोलून ठेवा.

माणसं किती

चोवीस मुलं, त्याहून जास्त नाही. सहा-सहांचे चार गट आणि प्रत्येक गटामागे एक मोठं माणूस. वर्ग साठांचा असेल तर तीन रविवार काढा. ते जमणार नसेल तर चोवीसच न्या आणि उरलेल्यांना पुढच्या महिन्याची तारीख त्याच दिवशी सांगून टाका.

पालकांच्या संमतीपत्रात जागा, वेळ, कोण सोबत असेल आणि "पाण्यात कोणीही उतरणार नाही" हे वाक्य स्पष्ट लिहा. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या मुलांची नावं गटप्रमुखांकडे असावीत. प्रथमोपचार पेटी, साबण आणि हात धुण्यापुरतं स्वच्छ पाणी बरोबर घ्या, कारण नदीचं पाणी आणि काठचा चिखल यांत सांडपाणी आहे. हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. पायात बूट हवेत, चपला चालणार नाहीत.

कपड्यांबद्दल फार बाऊ करू नये असं माझं मत आहे. खाकी, हिरवा, तपकिरी असेल तर उत्तम, पण ज्या मुलाकडे फक्त निळा शर्ट आहे त्याला नवा आणायला लावू नका. रंगापेक्षा हातवारे आणि आवाज पक्ष्यांना जास्त घाबरवतात. पांढरा आणि भडक लाल मात्र टाळा.

वर्गातला तास: जायच्या आधी

आदल्या आठवड्यात दोन तास मिळवा. एक दुर्बिणीचा, एक मोजणीचा.

दुर्बिणीवर 8×42 असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. मुलांसाठी सात किंवा आठ पटच योग्य. दहा पट मोठं दिसतं खरं, पण हाताचा कंपही तितकाच मोठा होतो आणि नजरेत मावणारा भाग लहान होतो, त्यामुळे मुलांना पक्षी सापडतच नाही. खेळण्यातल्या दुर्बिणींपेक्षा रिकामे डोळे बरे. दोघांत एक मिळाली तर छान, नाहीतर गटाला एक असली तरी चालतं. पालकांकडे विचारा, बऱ्याच घरांत एखादी कपाटात पडून असते.

आता शिकवायचं कसं. पट्टा आधी गळ्यात, मगच दुर्बीण हातात. दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ होईपर्यंत जुळवा. मग उजवं भिंग हातानं झाकायचं, डाव्या डोळ्यानं लांबच्या पाटीवरची अक्षरं बघत मधलं चाक फिरवायचं. अक्षरं स्पष्ट झाली की डावं झाका आणि आता मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा. हे एकदाच करायचं. नंतर जवळ-लांबसाठी फक्त मधलं चाक. चष्मा असलेल्या मुलांनी चष्मा न काढता रबरी कडा दुमडून खाली करायच्या.

आणि खरं कसब: पक्षी डोळ्यांनी शोधायचा, नजर त्याच्यावरून हलवायची नाही, आणि तशीच खिळलेली नजर ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. मुलं उलटं करतात. दुर्बीण आधी डोळ्याला लावतात आणि मग आभाळभर पक्षी शोधत राहतात. शाळेच्या गच्चीवरून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी, मग तारेवरचा कावळा, मग उडती घार, असा चढता सराव घ्या. वीस मिनिटांत जमतं. दुर्बीण सूर्याकडे कधीही न्यायची नाही, हे तेव्हाच बजावा.

मोजणीच्या तासाला मूठभर ज्वारी न्या. काळ्या कागदावर दाणे पसरा, पाच सेकंद दाखवा, झाका, आकडा लिहायला सांगा. मग मोजा. जवळजवळ सगळे कमीच सांगतात. त्यानंतर युक्ती द्या: दहा दाणे मोजा, दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरा आणि तेवढे तुकडे कागदभर किती बसतात ते बघा. चौथ्या फेरीला आकडे सुधारलेले दिसतात. नदीवर शेकाट्यांचा थवा उतरला की या ज्वारीची आठवण काढायची.

वहीचे रकाने पाच: वेळ, कोण, किती, कुठे, काय करत होता. "कोण"मध्ये नाव येत नसेल तर चित्र काढायचं आणि आकार तुलनेनं लिहायचा: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा. चोच, पाय, शेपूट. एवढं लिहिणाऱ्या मुलाला नुसतं "सँडपायपर" म्हणणाऱ्या मुलापेक्षा जास्त दिसलेलं असतं.

प्रत्यक्ष सकाळ

काठावर पोहोचल्यावर पहिली पाच मिनिटं कोणी वही काढायची नाही, बोलायचं नाही. डोळे मिटून ऐकायचं आणि वेगळा आवाज आला की एक बोट उघडायचं. बुलबुल, दयाळ, शिंपी, पोपट, कावळा, टिटवी. दोन्ही हातांची बोटं भरलेली मुलं दर वेळी निघतात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवू नका. तो आपली हद्द राखायला खाणं सोडून धावून येतो. मर्लिन हे मोफत ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं, तेही मी सकाळी बंदच ठेवते आणि शेवटी शंका सोडवायला उघडते. त्याचं उत्तर ही सूचना आहे, निकाल नव्हे, हे मुलांना कळायला हवं.

पक्षी दाखवताना हात लांब करून बोट दाखवायचं नाही. घड्याळाची भाषा वापरा: "समोरच्या कातळाला मध्य धरा, दोन वाजता, पाण्याच्या कडेला."

पहिला थांबा कातळांचा. इथे वंचक आहे म्हणजे आहेच, फक्त दिसत नाही. मातकट, रेघारेघांचा, मान आखडून दगडासारखा बसलेला. कोणी ढोकरी म्हणतं. मुलांना म्हणा, तीन मिनिटांत शोधा. बहुतेकांना तो उडाल्यावरच दिसतो, कारण उडताना पंख अचानक पांढरेशुभ्र होतात. वंचक हे नाव त्या क्षणी न समजावता समजतं. शेजारी छोटा बगळा: काळी चोच, काळे पाय, आणि पंजे मात्र पिवळे. तो एक पाय पाण्यात थरथरवून चिखल ढवळतो, लपलेलं भक्ष्य हलतं आणि चोच खाली येते. गाय बगळ्याची चोच पिवळी. तो पाण्यापेक्षा गुरांमागे आणि कचऱ्यावर जास्त. दोन्ही पांढरे म्हणून दोन्ही "बगळा" लिहिणाऱ्या मुलांना इथे पाच मिनिटं द्या.

पाणकावळा पंख पसरून बसलेला दिसला तर कारण विचारा. त्याची पिसं पाण्यात भिजतात. त्यामुळे बुडी मारणं सोपं जातं, पण नंतर वाळवावी लागतात. खंड्या तारेवर असेल. तो मासे खातो असं सगळे सांगतील. तो नाकतोडे, सरडे, बेडूकही खातो, म्हणून पाणी नसलेल्या बागेतही भेटतो. माशांवर खरी भिस्त असते ती काळ्या-पांढऱ्या कवड्या धीवराची, जो पाण्यावर एका जागी पंख फडफडवत तरंगतो आणि सरळ खाली कोसळतो. तो दिसला तर वहीत ठळक खूण करायची, कारण त्या पाण्यात मासे असल्याची ती पावती आहे.

दुसरा थांबा नाल्याच्या तोंडाशी. वास येतो, मुलं नाकं दाबतात. तरीही इथे सर्वांत जास्त वेळ थांबा. हिवाळ्यात पांढरा धोबी, करडा धोबी आणि वर्षभर इथेच राहणारा मोठा धोबी, तिघंही शेपटी वरखाली आपटत काठानं धावत असतात. करड्या धोब्याचं नाव करडं असलं तरी पोट पिवळं असतं, तेव्हा फसू नका. तुतवार शेपटीकडचा भाग हलवत चिखलात चोच खुपसतो. आणि लालसर-गुलाबी काटक्यांसारखे पाय असलेले शेकाटे, कधी पाच, कधी पन्नास.

एका वर्षी नववीतल्या एका मुलीनं वही पुढे केली आणि म्हणाली, "बाई, माझे सगळे धोबी नाल्यापाशीच आहेत. वरच्या बाजूला एकच." तिनं मला सांगितलं तेच मी आता प्रत्येक गटाकडून काढून घेते. सांडपाण्यात सेंद्रिय घाण असते, ती कुजताना पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे टिकत नाहीत. पण काही माश्यांच्या (कीटकांच्या) लालभडक अळ्या अशा चिखलात मजेत वाढतात. त्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखं हिमोग्लोबिन असतं, म्हणून थोडक्या प्राणवायूवर भागतं. धोबी, शेकाट्या आणि तुतवार त्यांवर जेवतात. म्हणून घाण पाण्यावर पक्ष्यांची गर्दी असते, पण ती ठरावीक पक्ष्यांची गर्दी असते. माशांवर जगणारे, वाळूच्या बेटांवर घरटं करणारे, नदी सुरयसारखे पक्षी तिथे शोधूनही सापडत नाहीत. "पुष्कळ पक्षी म्हणजे नदी चांगली" हे वाक्य मुलांच्या मनातून याच जागी काढता येतं, आणि मुलं ते स्वतःच काढतात.

पुलापाशी थोडाच वेळ. तारवाली भिंगरी पुलाच्या पोटाशी चिखलाचं वाटीसारखं घरटं बांधते. वरून जाणाऱ्या हजारो गाड्यांतल्या कोणाला ते माहीत नसतं. घरट्याखाली गर्दी करायची नाही, फोटोसाठी झोत मारायचा नाही. घरट्याला किंवा अंड्यांना हात लावणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे, हेही सांगून ठेवा. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास गेलात तर झाडांवर आणि तारांवर नायलॉन मांजा लोंबताना दिसेल. आवाक्यातला कापून पिशवीत घ्या, उंचावरच्यासाठी कोणालाही झाडावर चढू देऊ नका. मांजात अडकलेला पक्षी दिसला तर मुलांनी पकडायचा नाही. वनविभागाला किंवा पक्षी बचाव पथकाला फोन करायचा. तो क्रमांक आधीच गटप्रमुखांकडे असू द्या.

शेवटी झाडी. भारद्वाज, दयाळ, नाचण, वेडा राघू. इथे सावलीत बसून डबा. चिक्की, पोळीचा रोल, केळं. प्लास्टिकच्या पुड्या नकोत.

खाताना घरची नावं गोळा करा. कोणाची आजी भारद्वाजाला कुंभारकावळा म्हणते, कोणाच्या घरी धोब्याला परीट म्हणतात, पाषाण तलावावरच्या वारकऱ्याला कोणी चांदवा म्हणतं. टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, हेही कोणी सांगेल. ही नावं आणि समजुती लिहून घ्या, कारण त्यांतही कोणीतरी कधीतरी नीट पाहिलेलं असतं.

परत आल्यावर

त्याच दिवशी, शक्य तर काठावरच, चारही गटांच्या वह्या एकत्र करा. दोन गटांचे आकडे वेगळे आले तर मोठा आकडा आपोआप खरा मानू नका, बोलू द्या. ठरलेली यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका: सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, किती अंतर, किती माणसं. ओळखलेले सगळे पक्षी लिहिले असतील तरच यादी पूर्ण असल्याची खूण करा. कावळे आणि पारवे गाळले तर ती अपुरी, आणि मुलं नेमके तेच गाळतात. फेब्रुवारीत जगभर ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो. किमान पंधरा मिनिटं पक्षी मोजले तरी त्यात भाग घेता येतो, म्हणून शाळेच्या आवारातूनही तो करता येतो.

वर्गात एक मोठा कागद लावा, त्यावर नदीचा तो अर्धा किलोमीटर काढा आणि प्रत्येक पक्षी जिथे दिसला तिथे रंगीत टिकली चिकटवा. धोब्यांच्या टिकल्या नाल्यापाशी गोळा झालेल्या लांबूनही दिसतात.

दुसरी सहल जमली तर डिसेंबर-जानेवारीत कवडीपाटला न्या. सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या अलीकडे. मुळा आणि मुठा शहरात एक होतात आणि सगळ्या पुण्याचं पाणी घेऊन इथे येतात. जुन्या बंधाऱ्याला प्लास्टिकचा थर अडकलेला असतो आणि त्याच पाण्यावर हिमालयापलीकडून आलेली केशरी चक्रवाकं जोडीजोडीनं बसलेली असतात. चित्रबलाक, काळा शराटी, हळदी-कुंकू बदकं, नशिबात असेल तर नदी सुरयही. धुकं असेल तर आठपर्यंत काही दिसणार नाही, घाई करू नका. बंधाऱ्यावर मुलांना चढू देऊ नका, शेवाळ असतं. विठ्ठलवाडीचा नकाशा बरोबर न्या आणि तिथे बसूनच विचारा: इथे असलेलं कोण तिथे नव्हतं, आणि तिथलं कोण इथेही आहे?

मार्चच्या शेवटच्या रविवारी तेच चार थांबे पुन्हा, त्याच वेळी, त्याच क्रमानं. या वेळी नव्या टिकल्या लावायच्या नाहीत. जे गेले त्यांच्या काढायच्या. नाल्यापाशी मोठा धोबी तेवढा उरलेला असतो, आणि तो गातो.